सीट मऊ नको, मापाची हवी

वाचकाचे पत्र: माझे वय ४७. जुळे सोलापूर भागात राहतो, बँकेत नोकरी करतो. गेल्या दिवाळीत हायब्रिड सायकल घेतली. रोज सकाळी हिप्परग्याच्या तलावापर्यंत जाऊन येतो, त्याचा काही त्रास होत नाही. तुळजापूरला निघालो की मात्र तासाभराने बसण्याची जागा दुखू लागते, मधला भाग मुंग्या येऊन बधिर होतो आणि परत येईपर्यंत उजवी जांघ सोलवटून निघते. सायकलसोबत आलेली सीट अरुंद आणि टणक वाटली म्हणून तिच्यावर जेलचे कव्हर घातले. नंतर ती काढून स्प्रिंगची रुंद सीट बसवली, तिच्यावर टॉवेलाची घडीही बांधून पाहिली. फरक पडला नाही. मागून येणारा मुलगा म्हणतो, ‘बाबा, तुम्ही डोलत सायकल चालवता.’ आषाढीच्या गर्दीआधी एकदा सायकलने पंढरपूरला जाऊन यायचे आहे. कोणती सीट घ्यावी? सौभाग्यवतींनाही सायकलची आवड लागली आहे; त्यांना हीच सीट चालेल का?
— एक वाचक, सोलापूर

सप्रेम नमस्कार.

कोणती सीट घ्यावी, असे आपण विचारले आहे. माझे मत असे की तूर्त कोणतीच घेऊ नये. सायकलसोबत आलेली जी सीट आपण काढून ठेवली आहे ती माळ्यावर शाबूत असेल, तर पुन्हा बसवावी, तिची उंची आणि कल नीट करून घ्यावा, आणि दोन-तीन आठवडे तिच्यावर बसून पाहिल्यानंतरच खरेदीचा विचार करावा. आपल्या त्रासाचे मूळ मला त्या सीटमध्ये कमी आणि ती बदलताना जे घडले त्यात अधिक दिसते, आणि त्याचा सर्वांत मोठा पुरावा आपल्या चिरंजीवांनी दिलेला आहे.

आपण तीन तक्रारी एका दमात सांगितल्या आहेत, परंतु त्या तिन्हींची कारणे वेगवेगळी आहेत आणि एकाच उपायाने त्या जाणार नाहीत. खुर्चीवर बसून दोन्ही तळहात बुडाखाली घातले, तर हाताला हाडांची दोन टोके टोचतात. त्यांना आपण बैठकीची हाडे म्हणू. या दोन टोकांवर जे दुखते ते बहुतांशी सवयीअभावी दुखते, आणि नेमाने सायकल चालवणाऱ्याचे ते काही आठवड्यांत आपोआप कमी होत जाते. त्याची चिंता करू नये. मधल्या भागाला येणाऱ्या मुंग्या आणि बधिरपणा ही मात्र निराळी गोष्ट आहे. दोन हाडांच्या मधून जननेंद्रियाकडे जाणाऱ्या नसा आणि रक्तवाहिन्या सीटखाली दाबल्या जातात, तेव्हा शरीर ही सूचना देते. ती सहन करायची नसते आणि तिची सवयही करून घ्यायची नसते. तिसरी तक्रार, म्हणजे जांघ सोलवटणे, ही घर्षणाची आहे. तिथे काहीतरी हलते आहे, ओले आहे किंवा कापडाची शिवण रुतते आहे.

दुखते म्हणून मऊ काहीतरी खाली घ्यावे, असे कोणालाही वाटेल. दुकानात अंगठ्याने दाबून सीट निवडण्याची आपल्याकडची पद्धत त्यातूनच आली आहे. मळलेल्या पिठाच्या गोळ्यात दोन बोटे रोवली की बोटांच्या मधले पीठ वर उचलले जाते. जाड जेलच्या कव्हरवर बसल्यावर नेमके हेच होते. बैठकीची हाडे आत रुततात, जेल मधल्या जागेत वर येते, आणि हाडांनी पेलायचे वजन नसांच्या आणि मांसल भागाच्या वाट्याला जाते. हिप्परग्यापर्यंत जाऊन येण्यात हे जाणवत नाही, कारण तेवढ्या वेळात मऊपणाचे सुखच पुढे असते. तासाभरानंतर हिशेब उलटतो. म्हणजे जे कव्हर बधिरपणा घालवण्यासाठी घेतले, त्यानेच तो वाढवला असण्याची शक्यता बरीच आहे.

स्प्रिंगच्या रुंद सीटचा दोष असा नाही की ती वाईट आहे. ती दुसऱ्या सायकलची आहे. गिरण्यांच्या भोंग्यावर चालणाऱ्या जुन्या सोलापुरात ज्या काळ्या, जड सायकली रस्त्यावर दिसत, त्यांचे हँडल उंच आणि अंगाकडे वळलेले असे. चालवणारा ताठ बसे, त्याचे जवळजवळ सगळे वजन सीटवरच पडे आणि वेगही बेताचा असे. अशा बैठकीला रुंद बूड आणि स्प्रिंग अगदी योग्य होते. आपल्या हायब्रिडचे हँडल पुढे आणि सपाट आहे. त्यावर हात टेकले की कंबर पुढे झुकते, ओटीपोटाचे हाड पुढच्या बाजूला कलते, आणि टेकणारा भाग मागच्या रुंद जागेवरून पुढच्या निमुळत्या जागेकडे सरकतो. म्हणूनच जितके अधिक वाकून चालवायचे, तितकी सीट अरुंद लागते; शर्यतीच्या सायकलींच्या सीट पात्यासारख्या दिसतात त्याचे कारण शोभा हे नाही. रुंद सीटवर पुढे झुकून पेडल मारताना तिच्या कडा प्रत्येक फेरीला मांडीच्या आतल्या बाजूला घासतात, आणि आपल्या सोलवटण्याचे एक कारण तर इथेच सापडते.

आता चिरंजीवांच्या वाक्याकडे येऊ. मागून पाहणाऱ्याला चालवणारा डोलताना दिसतो, याचा अर्थ पेडल खाली गेल्यावर पाय पुरत नाही, आणि तो पुरवण्यासाठी कंबर एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे झुकवावी लागते. थोडक्यात, सीट उंच आहे. माझा अंदाज असा की मूळ सीट असताना ती कदाचित बरोबरही असेल. परंतु स्प्रिंगची सीट मूळ सीटपेक्षा उंचीला सहज दोन-तीन सेंटीमीटर अधिक भरते. ती बसवताना सीटचा दांडा तेवढा खाली घ्यायला हवा होता, तो घेतला गेला नसावा, आणि त्यावर टॉवेलाची घडी चढली. तुळजापूरला जाऊन येताना पेडलाच्या हजारो फेऱ्या होतात आणि प्रत्येक फेरीला कंबर सीटवर घासत हलते. मग कातडी टिकावी कशी?

उंची ठरवण्यासाठी भिंतीला एका हाताने टेकून, नेहमीचे बूट घालून सायकलवर बसावे, आणि पेडल सर्वांत खाली असताना त्यावर टाच ठेवावी. कंबर न झुकवता गुडघा जेमतेम सरळ व्हायला हवा. टाच पोहोचत नसेल तर सीट उंच आहे, गुडघा वाकलेलाच राहत असेल तर ठेंगणी. चालवताना पेडलावर टाच न ठेवता चवडा ठेवायचा असतो, त्यामुळे याच उंचीवर गुडघ्यात आपोआप हलकासा बाक राहतो. पडताळा हवा असेल तर आकड्यांचाही एक मार्ग आहे: अनवाणी, भिंतीला पाठ लावून उभे राहावे, एक जाड पुस्तक दोन्ही पायांच्या मध्ये सीटवर बसल्याइतक्या दाबाने वर ओढून धरावे आणि त्याच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंतचे अंतर मोजावे. त्याला ०.८८३ ने गुणले की पेडलांचे दांडे (क्रँक) ज्या आसाभोवती फिरतात त्याच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंतची उंची मिळते. हे अंतर ८० सेंटीमीटर असेल तर उंची साधारण ७०.६ येईल. टूर द फ्रान्स तीनदा जिंकणारे अमेरिकी सायकलपटू ग्रेग लेमाँड यांच्यामुळे हा गुणक सर्वत्र पसरला. मी त्याला सुरुवातीचा आकडा मानतो. टाचेची परीक्षा आणि तो यांत तफावत पडली तर टाचेचे ऐकावे. जुनी उंची दांड्यावर चिकटपट्टीने खूण करून ठेवावी, आणि पुढचे बदल एका वेळी दोन-तीन मिलिमीटरहून अधिक करू नयेत.

आपली एकच, उजवी जांघ सोलवटते, हेही लक्षात घेण्यासारखे आहे. सायकलच्या मागे उकिडवे बसून एक डोळा मिटून पाहावे: सीटचे टोक पुढच्या दांडीच्या रेषेत आहे, की किंचित एका बाजूला वळलेले आहे? घाईने बसवलेल्या सीट पुष्कळदा वळलेल्या निघतात. ती सरळ असूनही, आणि उंची दुरुस्त करूनही, उजवीकडचाच त्रास राहिला, तर दोन पायांच्या लांबीत थोडा फरक असू शकतो. तो मापून घेण्याचे काम अस्थिरोगतज्ज्ञाचे किंवा फिजिओथेरपिस्टचे आहे.

उंचीनंतर कल. सपाट फरशीवर सायकल उभी करून सीटवर आडव्याऐवजी लांबीच्या दिशेने एक सरळ फळी ठेवावी आणि तिच्यावर गवंड्याची लेव्हल, किंवा ती नसेल तर मोबाइलमधली लेव्हल ठेवावी. सुरुवात अगदी समपातळीपासून करावी. टोक वर उचललेले असेल तर ते थेट त्या नाजूक नसांवर दाबते, आणि बधिरपणाचे इतके साधे कारण असूनही ते सर्वांत कमी वेळा तपासले जाते. समपातळीवरही मुंग्या आल्या तर टोक एखाद-दोन अंश खाली करावे, त्याहून अधिक नाही. अन्यथा शरीर पुढे घसरत राहते, ते रोखण्यासाठी हातांवर जोर येतो आणि मुंग्या तळहातांत येऊ लागतात.

पुढे-मागे सरकवण्याचा भाग फार ताणण्याची गरज नाही. क्रँक जमिनीला समांतर असताना पुढच्या गुडघ्याच्या वाटीखालून सोडलेला ओळंबा पेडलाच्या आसाजवळून गेला की सुरुवातीला पुरे.

हे सर्व केल्यावरही नवी सीट घ्यावीशी वाटली, तर दुकानात जाण्याआधी स्वतःचे माप घ्यावे. त्यासाठी खोक्याचा नालीदार पुठ्ठा पुरतो. जिन्याच्या पायरीवर किंवा कडक स्टुलावर पुठ्ठा ठेवून, पातळ कपड्यांत, सायकलवर झुकतो तितकेच पुढे झुकून त्यावर बसावे आणि टाचा थोड्या उचलाव्यात, म्हणजे वजन पुरते हाडांवर येते. मिनिटभराने उठल्यावर पुठ्ठ्यात दोन खळगे दिसतील. दिसले नाहीत तर खडू आडवा धरून हलकेच फिरवावा, खळगे कोरे राहतात. त्यांच्या मध्यापासून मध्यापर्यंतचे अंतर मिलिमीटरमध्ये मोजावे आणि त्यात २० ते ३० मिळवावेत. ताठ बसणाऱ्याने अधिक मिळवावेत, वाकून चालवणाऱ्याने कमी. अंतर ११५ आले तर आपल्यासारख्या बैठकीला १४० च्या आसपास रुंदीची सीट योग्य ठरेल. चांगल्या कंपन्या एकच सीट दोन-तीन रुंदींत काढतात आणि तो आकडा सीटच्या खालच्या बाजूला किंवा खोक्यावर छापलेला असतो. तो विचारल्याशिवाय पैसे देऊ नयेत. माणूस जाड की सडपातळ यावरून या हाडांतले अंतर कळत नाही, त्यामुळे ‘साहेब, तुम्हाला मोठीच सीट लागेल’ असा सल्ला नम्रपणे बाजूला ठेवावा.

सौभाग्यवतींच्या प्रश्नाचे उत्तरही याच पुठ्ठ्यावर आहे. स्त्रियांच्या ओटीपोटाची ठेवण सर्वसाधारणपणे अधिक रुंद असते, म्हणून आपली सीट त्यांना अरुंद पडण्याची शक्यता आहे. परंतु पुष्कळ स्त्री-पुरुषांची मापे एकमेकांत मिसळतात, तेव्हा ‘लेडीज सीट’ या शब्दांवर न जाता त्यांचेही माप घ्यावे. मधोमध खाच असलेली आणि टोक आखूड असलेली सीट बऱ्याच स्त्रियांना सोयीची वाटते.

ही मधली खाच आपल्याला लाभेल का? बधिरपणाची तक्रार असलेल्याला ती आजमावून पाहण्यासारखी आहे, कारण दाब जिथे नको तिथे तिच्यात पदार्थच नसतो. मात्र काहींना खाचेच्या कडा रुततात, आणि हे बसल्याखेरीज कळत नाही. परत घेण्याची किंवा बदलून देण्याची तयारी असलेला दुकानदार शोधण्याचे खरे कारण हे आहे. टोकच नसलेल्या सीटही मिळतात. अमेरिकेतील नायॉश या कामगारांच्या आरोग्यावर संशोधन करणाऱ्या सरकारी संस्थेने सायकलवरून गस्त घालणाऱ्या पोलिसांना अशा सीट वापरायला दिल्या होत्या, आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात मधल्या भागावरचा दाब आणि बधिरपणा कमी झाल्याचे आढळले. तरीही ती माझी पहिली शिफारस नाही, कारण सीटचे टोक मांड्यांच्या मध्ये राहून सायकल ताब्यात ठेवायला मदत करते आणि ते नसले की हातांवर भार वाढतो. बाकी सारे करूनही बधिरपणा हटत नसेल, त्याने तिचा विचार अवश्य करावा.

चामड्याच्या सीटविषयी आपण विचारलेले नाही, पण लांब पल्ल्याची माणसे भेटली की ती विषय काढतीलच. १८६६ मध्ये सुरू झालेल्या ब्रुक्स या इंग्रज कंपनीची बी-१७ ही सीट त्यांपैकी सर्वांत नावाजलेली. ताणून बसवलेले चामडे हळूहळू बसणाऱ्याच्या हाडांचा आकार घेते, परंतु त्याला वेळ लागतो आणि पावसात भिजलेले ते चालत नाही. आषाढीच्या तोंडावर घेण्याची ती वस्तू नव्हे.

टॉवेलाबद्दल थोडे स्पष्ट लिहितो. सोलापुरात राहून टॉवेलाविरुद्ध बोलणे जिवावर येते, पण सीटवर बांधलेली त्याची घडी दहा किलोमीटरमध्ये सरकते, तिच्या चुण्या पडतात, आणि घामाने ओली झालेली ती चुणी खडबडीत दोरीचे काम करते. कव्हर आणि टॉवेल दोन्ही काढून टाकावेत, आणि जो मऊपणा हवा आहे तो सीटवर न ठेवता अंगावर घालावा. सायकलची पॅड असलेली चड्डी हे काम उत्तम करते, कारण पॅड कातडीबरोबर हलते आणि घर्षण कापड आणि सीट यांच्यात होते. ती आतून दुसरी चड्डी न घालता वापरायची असते; सुती चड्डीवर ती चढवली की शिवणी आणि घाम पुन्हा आत आलेच. संकोच वाटत असेल तर वरून सैल बर्म्युडा घालावी. घरी पोहोचताच ती काढावी, अंघोळ करावी, आणि चड्डी दर वेळी धुऊन उन्हात वाळवावी. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या वर जातो आणि सकाळी आठलाच पाठ भिजते. घाम वाळून राहिलेले मीठ कातडीवर काचकुयरीसारखे वागते. निघण्यापूर्वी जांघेत आणि बैठकीच्या जागी व्हॅसलीनचा पातळ हात फिरवला तर सोलवटणे पुष्कळ टळते. सोललेल्या जागेवर मात्र सायकल चालवू नये. ती भरून येईपर्यंतची विश्रांती पुढचा महिना वाचवते.

रस्त्याचाही यात हात असतो. तुळजापूरच्या घाटात माणूस पेडलावर उभा राहतो, जोर लावतो, बैठक बदलतो, आणि नकळत त्या जागेला रक्त पोहोचते. मोहोळवरून पंढरपूरला जाणारा रस्ता सपाट आहे. त्यावर उठायला काही कारणच मिळत नाही आणि तासन्‌तास एकाच जागी वजन राहते. म्हणून चढावरच्यापेक्षा सपाटीवर सीट अधिक छळते. दर दहा-पंधरा मिनिटांनी पेडलावर उभे राहून पंचवीस-तीस फेऱ्या माराव्यात, गावांजवळच्या गतिरोधकांवर बूड उचलूनच सायकल न्यावी, आणि टायरमध्ये हवा दगडासारखी भरू नये. आपल्या सायकलचे टायर रुंद असतील, तर टायरच्या कडेवर छापलेल्या मर्यादेत राहून हवा थोडी कमी ठेवली की बारीक हादरे सीटपर्यंत पोहोचण्याआधीच टायर गिळतो. हेच काम आपण स्प्रिंगकडून करून घेऊ पाहत होता.

एक सूचना वैद्यकीय आहे. सायकलवरून उतरल्यावर बधिरपणा काही मिनिटांत जायला हवा. तो तासन्‌तास राहिला, लघवीला जळजळ किंवा अडथळा जाणवला, लघवीतून रक्त गेले, किंवा बैठकीच्या जागी गळू होऊन ताप आला, तर सीटचे प्रयोग थांबवून डॉक्टरांना दाखवावे. मधुमेह असल्यास लहानशी सोलवटही अंगावर काढू नये.

पंढरपूर मोहोळमार्गे एका बाजूने सुमारे ७५ किलोमीटर आहे, म्हणजे जाऊन-येऊन दीडशे. आपली सध्याची मजल तुळजापूरची, म्हणजे जाऊन-येऊन नव्वदच्या आसपास, आणि तीही त्रासाची. म्हणून सीट दुरुस्त केल्यावर आधी हिप्परग्याच्याच फेऱ्या कराव्यात, मग मोहोळपर्यंत जाऊन परत यावे, आणि ते सत्तर किलोमीटर बधिरपणाशिवाय पार पडले की तुळजापूर पुन्हा करून पाहावे. तिथेही त्रास झाला नाही, तर पंढरपूरचा दिवस ठरवावा. शक्य असल्यास पहिल्या खेपेला एका दिवसात परतण्याचा हट्ट धरू नये. पहाटे पाचला निघाल्यास ऊन तापण्याच्या आत पोहोचता येईल, दर्शन सावकाश होईल, आणि तिथे मुक्काम करून दुसऱ्या पहाटे निघता येईल. मुक्कामासाठी पॅडची दुसरी चड्डी सोबत घ्यावी. पहिली धुतली तरी जाड पॅड रात्रीत वाळत नाही, आणि ओली घालून मोहोळपर्यंतही सुखाने येता यायचे नाही.